जुनी कंबरदुखी आणि ॲक्युपंक्चर : सुरुवात कुठून करायची, कधी थांबायचं

कंबर तीन-चार महिने दुखत राहिली की घरात तिचा वेगळा संसार जमतो. कपाटात पट्टा, खिडकीत तेलाची बाटली, गादीखाली एमआरआयचं भलंमोठं पाकीट, औषधांच्या डब्यात अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपा. मग कुठल्या तरी लग्नात कोणी भेटतं. ‘आमच्या वहिनींना सुयांनी एकदम फरक पडला, नंबर देऊ का?’ माणूस इतका कंटाळलेला असतो की लगेच नंबर घेतो. त्याच आठवड्यात मालिशवाला यायला लागतो आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेला काढाही सुरू होतो. महिन्याने थोडं बरं वाटलं तर कशाने वाटलं ते सांगता येत नाही, आणि नाही वाटलं तर यातलं बंद काय करायचं ते कळत नाही.

पूरक उपचार जरूर करावेत, पण एका वेळी एक, आधी ठरवलेल्या मुदतीत आणि फरक मोजून. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती लिहिलं आहे. उदाहरण कंबरदुखीचं घेतलं, कारण ॲक्युपंक्चरवरचं, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचारावरचं, बरंच मोठं संशोधन तिच्यावर झालं आहे. गुडघे आणि डोकेदुखीबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगितलंय.

पहिली पायरी : आधी डॉक्टर

सुया टोचून घेण्याआधी दुखण्याचं कारण एकदा तपासून घ्यायला हवं. पुढचं काहीही असेल तर ॲक्युपंक्चर, मालिश, हाडवैद्य सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा :

- लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा. अशा वेळी थेट इस्पितळ, त्याच दिवशी.
- पायातली ताकद कमी होणं, चालताना पंजा घसटणं, पायातून चप्पल निसटणं.
- संध्याकाळी येणारा बारीक ताप, भूक मंदावणं, कारण नसताना वजन उतरणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि त्याची सुरुवात साध्या कंबरदुखीसारखी असू शकते.
- पूर्वी कर्करोग झालेला असणं, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.
- आडवं पडूनही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी कळ.

यातलं काहीच नसेल तर बहुतेकांची कंबरदुखी धोक्याची नसते, मग ती कितीही त्रासदायक असो. रक्तातली साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पायाला मुंग्या आणि आग असेल आणि आहार शाकाहारी असेल तर बी-१२ चा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तिथे सुयांपेक्षा जीवनसत्त्वाचा उपयोग जास्त.

आता त्या एमआरआयच्या पाकिटाबद्दल. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ऐकून माणसं वाकायची बंद होतात, नातवाला उचलत नाहीत, खाली बसत नाहीत. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांचे स्कॅन अभ्यासून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे रिपोर्टमधले ते भयंकर शब्द कित्येकदा वयाचे असतात, दुखण्याचे नसतात. रिपोर्ट जपून ठेवा, पण दर सहा महिन्यांनी नवा काढायची गरज नाही.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. एवढ्या काळात साधी इजा बहुधा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. पूर्वी ज्या हालचालीचं काही वाटत नसे, तिनेही चमक भरते. झोप, ताण, भीती यांचा वेदनेशी संबंध येतो तो इथे. वेदना खरीच असते. फक्त ती मणक्यात शोधून सापडत नाही.

दुसरी पायरी : दोन आठवडे वही

कुठलाही नवा उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतं लिहा. ही पायरी लोक हमखास गाळतात. मग महिनाभराने डॉक्टर विचारतात, ‘किती फरक?’ आणि उत्तर मिळतं, ‘तसं बरंय, पण दुखतंय.’

वहीत मोठं काही लिहायचं नाही. एक पान असं असेल :

‘मंगळवार. सकाळी ४, संध्याकाळी ७. रात्री दोनदा जाग. चालले १२ मिनिटं. बैठक अर्धा तास, मग उठावं लागलं. गोळी एक, दुपारी. बादली उचलल्यावर डावीकडे चमक.’

० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे सहन होणार नाही इतकी, असा आकडा. त्याच्या शेजारी दोन-तीन कामं लिहायची, जी तुम्हाला खरोखर परत करायची आहेत. ती आपली असावीत. पंगतीत मांडी घालून जेवण पुरं करणं, लोकलमध्ये डोंबिवली ते दादर उभं राहणं, एसटीने गावी जाऊन दुसऱ्या दिवशी आडवं न पडणं, देवघरासमोर बसून उठताना हाताचा आधार न लागणं. जुन्या दुखण्यात आकडा हळू उतरतो; कामं बऱ्याचदा आधी सुधारतात. आकडा ६ चा ५ झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण १२ मिनिटांचं चालणं ३० मिनिटांवर गेलं की घरातले बोलू लागतात.

तिसरी पायरी : चालणं

मला विचाराल तर या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकतेच सावरलेले लोक त्यात होते. काहींना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं. निम्म्या लोकांचं दुखणं परत येईपर्यंत चालणाऱ्यांत २०८ दिवस गेले, बाकीच्यांत ११२ दिवस. खर्च चपलांचा.

सुरुवात तुमच्या वहीतून करायची. वाईट दिवशीही जेवढं चालता येतं, त्याहून थोडं कमी धरा. १२ मिनिटं जमत असतील तर १० मिनिटं, रोज. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत पोचायला काही महिने लागले तरी चालतील.

इथे बहुतेक जण फसतात ते चांगल्या दिवशी. बरं वाटलं म्हणून दिवाळीच्या आधी एकाच दिवशी सगळे माळे उपसायचे, मग तीन दिवस अंथरुणात, मग ‘हालचालीने दुखतं’ असा निष्कर्ष. चांगल्या दिवशीही ठरल्याइतकंच, वाईट दिवशीही जवळपास तेवढंच. माळा एका वेळी एक.

चौथी पायरी : सुयांचा हिशेब समजून घ्या

ॲक्युपंक्चर काम करतं का? याचं प्रामाणिक उत्तर एका जर्मन अभ्यासात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेले १,१६२ रुग्ण होते. एका गटाला शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर दिलं. दुसऱ्या गटाला सुया दिल्या, पण उथळ आणि बिंदू सोडून भलत्याच जागी. तिसऱ्या गटाला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण : पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंच्या लोकांना अडचणीत टाकतात. सुयांनी नेहमीच्या उपचाराला स्पष्ट मागे टाकलं, पण खऱ्या सुया आणि चुकीच्या जागच्या सुया जवळपास सारख्याच निघाल्या. नंतर वेगवेगळ्या जुनाट दुखण्यांवरच्या ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात खऱ्या सुया थोड्या सरस ठरल्या. फरक होता, पण लहान. फायद्याचा बराचसा भाग वर्षभर टिकतो असंही त्यात दिसलं.

याच पुराव्याकडे बघून शहाण्या संस्थांचंही एकमत होत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, आणि २०२१ मध्ये स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मात्र एकदा करून बघायला हरकत नाही असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या उपचारांत त्याचा समावेश केला. जर्मनीत सरकारी विमा २००७ पासून कंबर आणि गुडघ्यासाठी याचा खर्च देतो.

आतून काय घडतं? सुई टोचल्यावर शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन, स्रवतात हे १९७० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यात भर पडते ती अर्धा तास शांत पडून राहण्याची, कोणीतरी नीट ऐकून घेण्याची आणि बरं वाटेल या अपेक्षेची. पारंपरिक चिनी सिद्धांतातल्या ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाहून नेणाऱ्या वाहिन्या शरीरविच्छेदनात सापडलेल्या नाहीत.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ मला असा वाटतो : नेमका बिंदू तेवढा निर्णायक नसेल, तर तीन तास प्रवास करून नावाजलेल्या माणसाकडे जाण्यात फारसं काही हाती लागत नाही. घराजवळ, स्वच्छ सुया वापरणारा, नीट बोलणारा, परवडणारा उपचारक बरा. एसटीच्या किंवा गाडीच्या प्रवासात कंबरेला बसणारे दणके वाचतात ते वेगळंच. ‘हा बिंदू फक्त मलाच माहीत आहे’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आणि यासाठी कर्ज काढू नका, दागिना मोडू नका.

पाचवी पायरी : उपचारक निवडणं

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा, आणि नोंदणीसाठी परिषदही आहे. देशात असं पाऊल आधी उचलणाऱ्यांपैकी आपलं राज्य. पुढे २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. तेव्हा पहिला प्रश्न सरळ विचारा : नोंदणी क्रमांक काय? फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ (दुखऱ्या स्नायूंत तशाच बारीक सुया टोचणं) करत असतील तर त्यांची त्यांच्या परिषदेकडची नोंदणी आणि या कामाचं प्रशिक्षण विचारा. विचारल्यावर राग येणाऱ्याकडे जायचं कारण नाही.

कित्येक बोर्डांवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव किंवा फोटो दिसतो. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांनी केलं ते युद्धातल्या जखमींवरच्या शस्त्रक्रियांचं काम. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, कलकत्त्यात. कोटणीसांचा फोटो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

फोनवरच विचारून घ्यायच्या गोष्टी : सुया एकदाच वापरून टाकता का, माझ्यासमोर पाकीट फोडाल का, एका सत्राचे किती, साधारण किती सत्रं, आणि फरक पडला नाही तर कधी थांबवायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत जास्त सांगून जातं. ‘मुळापासून बरं होईपर्यंत’ हे उत्तर नव्हे. तीस सत्रांचं पॅकेज आगाऊ भरायला लावत असतील तर नम्रपणे नको म्हणा.

खर्च आधीच मांडा. समजा सत्राचे ७०० रुपये आणि रिक्षाचे १००, तर दहा सत्रांचे ८,००० रुपये. आरोग्य विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. आयुषच्या तरतुदी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात आणि ॲक्युपंक्चर आयुषमध्ये येतही नाही. तेव्हा हे पैसे खिशातले, असंच धरा.

आणि आपल्याबद्दल हे न विचारता सांगा : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, गरोदर आहात का, मधुमेहामुळे पाय बधिर आहेत का, हृदयाची झडप बदलली आहे का, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या आहेत का. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू द्यायचा नाही. बधिर पायाजवळ शेक किंवा जळती मोक्सा (वाळलेली वनस्पती पेटवून दिलेली ऊब) नको. भाजलेलं कळणारही नाही.

सहावी पायरी : पहिलं सत्र

उपाशीपोटी जाऊ नका. पहिल्या वेळी चक्कर येते ती बहुधा रिकाम्या पोटी आणि भीतीने. दोन तास आधी पोळी-भाजी पुरे. सैल कपडे, पायजमा गुडघ्याच्या वर सरकेल असा.

कंबरेसाठी बहुधा पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. पालथं झोपता येत नसेल तर सांगा, कुशीवरही होतं. कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. सुई केसाहून जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास, प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून येते. नळी कातडीवर टेकवून वरच्या टोकाला बोटाने टिचकी मारली की सुई आत. टोचणी क्षणभर, डास चावल्याइतकी. मग सुई थोडी आत सरकवून फिरवतात तेव्हा वेगळंच काही जाणवतं : जडपणा, खोल ओढ, कधी पोटरीपर्यंत पसरलेली झिणझिण. ही अपेक्षितच असते. विजेसारखी तीव्र कळ पायात गेली तर मात्र लगेच सांगायचं. सुया कंबरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यामागच्या घडीत, पोटरीवर, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला. साधारण दहा ते वीस. मग वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं.

टोचलेल्या सुया मोजायला सांगा आणि काढतानाही मोजायला सांगा. केसांत, पोटरीमागे एखादी राहून जाऊ शकते. वापरलेल्या सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात पडताहेत का ते बघा. कचऱ्याच्या साध्या पिशवीत टाकत असतील तर पुढच्या वेळी जाऊ नका.

सत्रानंतर हळू उठा, पाच मिनिटं बसा, लगेच स्कूटरला किक मारू नका. एखादा रक्ताचा ठिपका, छोटा निळा डाग, त्या रात्री थोडं जास्त दुखणं किंवा गाढ झोप, हे नेहमीचं. पाठीच्या वरच्या भागात, खांद्यावर किंवा छातीजवळ सुया घेतल्यावर काही तासांत धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, तर इस्पितळ गाठा. फुफ्फुसाला सुई लागणं फार क्वचित घडतं, पण घडतं. टोचलेली जागा लाल, गरम, सुजलेली झाली किंवा ताप आला तरी दाखवायचं.

सातवी पायरी : कधी थांबायचं

आठवड्याला एक किंवा दोन सत्रं धरा. अमेरिकेतल्या सरकारी विम्याचा, मेडिकेअरचा, नियम इथे उसना घेण्यासारखा आहे. जुन्या कंबरदुखीसाठी ते ९० दिवसांत १२ सत्रांचे पैसे देतात. सुधारणा दिसली तरच आणखी ८, वर्षाला जास्तीत जास्त २०. सुधारणा नसेल तर तिथेच थांबवतात.

आपण खिशाला झेपेल असं करू : सहाव्या सत्रानंतर वही उघडायची. सुरुवातीच्या दोन आठवड्यांशी तुलना करायची. आकडा निदान दोनने उतरला का, ठरवलेल्या कामांपैकी एक तरी सोपं झालं का, गोळ्या कमी लागल्या का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर निरोप घ्या. एकाला ‘हो’ असेल तर दहा-बारापर्यंत जा, मग सत्रांमधलं अंतर वाढवा : पंधरा दिवसांनी, महिन्याने. अंतर वाढवूनही बरं राहिलं तर बंद.

सुयांनी वेदना दोन-तीन दिवस कमी होते तेव्हा त्या दिवसांत आराम करू नका. चालणं, व्यायाम वाढवायची संधी तीच. ॲक्युपंक्चर घेऊन पलंगावर पडून राहणाऱ्या माणसाचे पैसे वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

या काळात दुसरं काही नवीन सुरू करायचं नाही. काढा नाही, नवं तेल नाही, नवी गादी नाही. चालू औषधं तशीच. ती कमी करायची तर डॉक्टरांना विचारून. विशेषतः झोपेच्या, नसांच्या दुखण्याच्या आणि नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं. उलट, मेडिकलमधून आपणच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेत असाल तर तेही सांगा. मूत्रपिंड आणि जठर दोन्ही त्याची किंमत मोजतात.

बाकीचे उपचार

योग. बोस्टनमध्ये ३२० जणांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखीसाठी खास आखलेला बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. महत्त्वाचा भाग ‘खास आखलेला’. टीव्हीसमोर सकाळी सकाळी वेगात घातलेले सूर्यनमस्कार म्हणजे तो योग नव्हे. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आणि पुण्याची अय्यंगार संस्था १९७५ पासून काम करते आहे, आणि त्यांच्याकडे शिकलेले शिक्षक बऱ्याच शहरांत भेटतात. भिंत, दोर, लोड, खुर्ची, घडी घातलेली चादर यांचा आधार देणारा शिक्षक शोधा. पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देणारा, हलासनाचा आग्रह धरणारा नको. ‘दुखलं तरी धरून ठेवा’ म्हणाला की चटई गुंडाळा.

मालिश आणि कटिबस्ती. मालिशाने बरं वाटतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही ते आहे. परिणाम थोडे दिवस टिकतो. कटिबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं कंबरेवर थापून त्यात कोमट तेल भरून ठेवतात. ऊब आणि विश्रांती या दोन्हींसाठी छान, मोठे अभ्यास कमी. तेल तुमच्या अंगावर ओतण्याआधी वैद्यांनी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितलं पाहिजे. घरच्या घरी तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, हेही वाईट नाही. पाठीवर पाय देऊन उभं राहणाऱ्या मालिशवाल्याला आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान कडकन मोडणाऱ्याला मात्र हात जोडा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

ध्यान आणि मन. ‘म्हणजे मला मानसिक आहे का?’ असं लोक रागाने विचारतात. नाही. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी सुरू केला. ३४२ जणांवरच्या २०१६ च्या अभ्यासात सहा महिन्यांनी रोजच्या हालचालींत चांगली सुधारणा झालेले लोक असे : सजगता शिकलेल्यांत ६०.५ टक्के, विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांत ५७.७ टक्के, नेहमीच्या उपचारात ४४.१ टक्के. घरी सुरुवात दहा मिनिटांनी करा, खुर्चीत बसून किंवा आडवं पडून. मांडी घालायलाच हवी असं नाही. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही फार वेगळी गोष्ट. रोज कित्येक तास बसणं असतं आणि ते दुखण्यावरचा उपचार म्हणून घेतलंही जात नाही. जायचंच असेल तर खुर्ची लागेल हे आधी कळवा. दुखण्यामुळे मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पट्टा, ट्रॅक्शन, मशीन. फिजिओच्या दवाखान्यात ‘करंट लावणं’ आणि अल्ट्रासाउंड हाच उपचार समजून लोक महिनाभर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीत कंबरपट्टा, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं), टेन्स (कातडीवरून सौम्य विजेचा प्रवाह देणं) आणि अल्ट्रासाउंड या चारही गोष्टी नेहमीच्या वापरासाठी नको म्हटल्या आहेत. व्यायाम शिकवणारा फिजिओ सोन्यासारखा. नुसतं मशीन लावून शेजारच्या खोलीत जाणारा असेल तर बदला.

पोटात घ्यायची औषधं. इथे सर्वांत जास्त सावध राहा. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासल्यावर २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, असा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याहून वाईट म्हणजे बिनलेबलच्या ‘वाताच्या पुड्या’. त्यात स्टेरॉइड किंवा साधी वेदनाशामक गोळी कुटून मिसळलेली असू शकते. दोन दिवसांत चमत्कार, मग तोंडावर सूज, वाढलेली साखर, वाढलेलं वजन, ही त्याची खूण. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका; पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आयुर्वेद घ्यायचा तर नोंदणीकृत वैद्यांकडून, नाव आणि घटक लिहिलेल्या चिठ्ठीवर. हळद आमटीत असू द्या. तिचा अर्क असलेल्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे घ्यायचे तर दागिना म्हणून.

गुडघे आणि डोकं

गुडघ्याच्या झिजेवर सुयांबद्दलचा मतभेद आणखी तीव्र आहे. ‘नाइस’ने २०२२ मध्ये नको म्हटलं, अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी २०१९ मध्ये करून बघा म्हटलं. व्यायामाबद्दल आणि वजन कमी करण्याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. मांडीचे स्नायू बळकट करण्यावर आधी मेहनत घ्या. अर्धशिशीत चित्र बरं आहे. वारंवार येणारे झटके कमी करण्यात ॲक्युपंक्चर रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीचं ठरलं आहे, त्यामुळे गोळ्या सोसत नसतील त्यांनी जरूर विचार करावा.

पुन्हा उसण भरली तर

भरणारच, कधीतरी. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा. पहिल्या दिवशी आधी धोक्याच्या लक्षणांची यादी तपासायची. काही नसेल तर शेक, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी, कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी. पलंगावर एका दिवसाहून जास्त नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटं फिरायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नेहमीच्या निम्मं चालणं. आठवड्याभरात मूळ वेळेवर यायचं. सुयांचा पूर्वी उपयोग झाला असेल तर दोन-तीन सत्रं घ्या, तीच वही समोर ठेवून. दोन आठवड्यांत काहीच उतार पडला नाही, किंवा दुखण्याची जागा आणि जात बदलली, तर ॲक्युपंक्चरवाल्याआधी डॉक्टरांना फोन.